टाकीवरचा बारीक एल

...आणि शिडी डावीकडे कलली. माझ्या हातात एकोणीसशे एकाहत्तर सालचा खोका होता. तो मी सोडला नाही. खाली कचेरीतली जॅनेल एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर कुणाला तरी सांगत होती की गावकचेरी आज वेळेवर बंद होईल असं दिसत नाही. मग ती वर बघून ओरडली, "आर्डिथमावशी, खोका सोडा आणि फळी धरा!" मी फळी धरली नाही. खोक्याचा तळ फाटला. सगळी कार्डं तिच्या डोक्यावर पडली आणि त्यांच्या मागून एक उंदीर, फार वर्षांपूर्वी वारलेला. जॅनेलनं शिडी सोडली. मी कार्डांच्या मागोमाग खाली आले.

प्रिय डेलमरदादा,

आता नमस्कार. मधूनच सुरुवात केली म्हणून रागावू नकोस. मिस इबारा म्हणतात, गोष्ट शिडीवरून सुरू करा, शिडी कुठून आणली तिथून नको. तुझा गुडघा कसा आहे? ग्लेंडावहिनीचं निवडुंग यंदा फुललं का? ॲरिझोनात अजून उकडत असेल. इथं मका काढून झाला. मर्ल बरा आहे. मीही बरी आहे, फक्त उजवा घोटा मुरगळला आहे आणि आठवडाभर पाय वर ठेवायचा आहे (डॉक्टर, तोंडी, सोमवार).

या कंसांचं आधी सांगते, नाहीतर तुला वाटेल पडताना डोक्यालाही लागलं. मी कॉलेजात जाते. गेल्या ऑगस्टपासून, मंगळवारी आणि गुरुवारी. विषय निबंधलेखन, पहिला भाग. तिथं कुठलीही गोष्ट कुणाकडून कळली ते कंसात लिहावं लागतं. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढून निवृत्त झाले तेव्हा मर्ल म्हणाला, आता रजई शिव. मी तीन दिवस शिवली. चौथ्या दिवशी कॉलेजात नाव घातलं. तुला कळवलं नाही, कारण तू माझी पत्रं लाल पेनानं तपासून परत पाठवतोस. मागच्या नाताळचं पत्र सतरा चुकांसह परत आलं. त्याच्या खाली वहिनीनं 'तब्येतीला जप' असं लिहिलं होतं, त्यातही तू एक चूक काढली होतीस. मी तक्रार करत नाही. तू जिल्ह्याची स्पेलिंगची स्पर्धा जिंकलास तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तुझा चषक आठवडाभर उशाशी घेऊन झोपले होते. आपल्या घरात डोकं तुला आलं आणि हात मला आले, असं आई म्हणायची (कुचेरा, आई, अनेकदा). मी ते खरं धरलं. कुणी विचारलंच नाही की हे कोण म्हणतं.

आता मी विचारते. दोष आमच्या शिक्षिकेचा, मिस इबारांचा आहे. वय एकोणतीस. मी त्यांना अहो-जाहो करते, त्या मला आर्डिथ म्हणतात. पहिला निबंध मी स्वयंपाकघरावर लिहिला. सहा पानं, त्यातली चार दालचिनीच्या रोलवर. वर्गात सगळ्यांनी एकमेकांचे खर्डे वाचायचे असतात. माझा ज्या मुलीकडे गेला तिनं समासात लिहिलं, 'मला भूक लागली.' मला वाटलं, जिंकले. मिस इबारांनी हिरव्या शाईत लिहिलं (लाल शाईनं माणसं घाबरतात, असं त्या म्हणतात, मी तुझं नाव घेतलं नाही), 'भूक मलाही लागली, पण तुमचं म्हणणं काय आहे?' मी वर्गानंतर थांबून सांगितलं, म्हणणं असं की आमच्यासारखे रोल आसपासच्या चार जिल्ह्यांत मिळत नव्हते. तेव्हा त्यांनी पेन उचललं आणि माझ्यादेखत त्या वाक्याखाली लिहिलं, 'कोण म्हणतं?'

पार्किंगमध्ये गाडीत बसून मी रडले. मग माझं मलाच वाटलं, खरंच, कोण म्हणतं? मी म्हणते. आणि मी बाकीच्या तीन जिल्ह्यांचे रोल कधी खाल्लेच नाहीत.

तेव्हापासून घरात कठीण झालं आहे. मर्ल सकाळी म्हणाला, आज गारा पडणार. मी म्हटलं, कोण म्हणतं? तो म्हणाला, माझा गुडघा. मी वहीत लिहून घेतलं (गुडघा, मर्लचा, डावा). गारा पडल्या. आता तो गुडघा मी विश्वसनीय साधन मानते. पण चर्चमध्ये पाद्रीसाहेबांना विचारलं ते चुकलंच, हे मी मान्य करते.

ऑक्टोबरात मिस इबारांनी मोठा निबंध लिहायला दिला. दहा पानं. तुमच्या गावात सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट घ्या आणि ती पहिल्यांदा कोण म्हणालं ते शोधून काढा. वर्गातल्या मुलांनी भुतांची घरं घेतली. मी 'वोंड्रा' घेतला.

तुला यातलं सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण वाचकाला काहीच माहीत नाही असं धरून लिहायचं असतं. आपल्या गावाचं नाव प्लेझंट फोर्क. नदीला फाटा फुटतो ती रम्य जागा. एकाहत्तर साली पाण्याची टाकी नवी झाली आणि तिच्यावर नाव रंगवायला अलॉइस वोंड्रा चढले. त्यांनी 'प्लेझंट'मधला एल गाळला. 'प्लेझंट'चं 'पेझंट' झालं, रम्य गावाचं गावंढळ झालं, आणि पुढं 'फोर्क' असल्यामुळं हमरस्त्यावरून जाणाऱ्याला ते गावंढळाचं दाताळं असं वाचता यायला लागलं. शेजारच्या गावची माणसं फुटबॉलच्या सामन्याला खरीखुरी दाताळी घेऊन आली. आठ दिवसांनी अलॉइसकाका कुणी न सांगता पुन्हा वर चढले आणि पी व ई यांच्या मध्ये एक एल घुसवून आले. तो अजून तिथं आहे. दोन जाड बायकांच्या मध्ये बाकावर बसलेल्या माणसासारखा, खांदे आवळून. त्या दिवसापासून आपल्या गावात चुकीला वोंड्रा म्हणतात. ट्रॅक्टर खड्ड्यात घातला, केला वोंड्रा. लग्नात नवरीचं नाव चुकलं, पाद्रीसाहेबांचा वोंड्रा झाला. आणि का झाला तेही सगळ्यांना माहीत आहे. टाकीवर चढताना ते प्यायलेले होते. अक्षरं रंगवण्याचं काम त्यांना पुन्हा कुणी दिलं नाही. कोठारं रंगवली, मग आमच्या शाळेत झाडलोट केली, वीस वर्षं. आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, चर्चमागच्या वृद्धाश्रमात असतात. स्वतःच्या नावाचा अर्थ चूक असा झालेला हा एकच माणूस मला माहीत आहे. तो जिवंत असताना हे खरं की खोटं ते कळावं, एवढंच मला हवं होतं. गुण नंतर.

सुरुवात सहकारी कोठारातल्या कॉफीच्या टेबलापासून केली. तिथं सकाळी सहापासून चार म्हातारे बसलेले असतात आणि त्यांना सगळं माहीत असतं. मी वही काढली. ड्वेन म्हणाला, "आली बघा फौजदारीण." मी विचारलं, ते प्यायलेले होते हे तुला कुणी सांगितलं? "अगं, सगळ्यांना माहीत आहे." सगळे म्हणजे कोण? नाव सांग. "माझे सासरे सांगायचे." त्यांनी बघितलं होतं? "त्यांना न्हाव्यानं सांगितलं." न्हावी नव्वदीला टेकला आहे, पण त्यानं मला खुर्चीत बसवून, केस न कापता, स्वच्छ उत्तर दिलं: गावाच्या शंभरीच्या पुस्तकात छापलं आहे. पुस्तक काढलं. पान एकशे बारा. 'सदर रंगारी त्या दिवशी शुद्धीत नव्हता, असे सांगितले जाते.' सांगितले जाते! मी ग्रंथालयात एकटीच मोठ्यानं म्हणाले, कोण म्हणतं? तिथं बसलेल्या बाई उठून दुसऱ्या टेबलावर गेल्या.

पुस्तक हर्था क्लेव्हनबाईंनी लिहिलं. त्र्याण्णव वर्षांच्या, कानांनी अजून तिखट. मी खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, घेऊन गेले (साधनांकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, हे मिस इबारांनी नाही, मीच शोधलं आहे). त्यांनी बुटांच्या खोक्यातून टिपणांची कार्डं काढली, एक वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अगं, हे तर तुझ्याच घरचं आहे. तुझ्या भावानं सांगितलं मला. तोच होता ना त्या उन्हाळ्यात कचेरीत कारकून. कसा गोड मुलगा! म्हणाला, मी स्वतः बाटली बघितली."

दादा, मी कोलाचे तसेच ठेवून आले.

घरी येऊन तक्ता काढला. ड्वेन, ड्वेनचे सासरे, न्हावी, पुस्तक, हर्थाबाई. पाच साधनं. पाचांच्या मागं एकच माणूस, एकोणीस वर्षांचा. मिस इबारा याला एका विहिरीचं पाच बादल्यांत पाणी म्हणतात. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. तू बघितलीस म्हणालास म्हणजे बाटली असणार. फक्त एक गोष्ट जमत नव्हती. वीस वर्षं मी त्या माणसाला दुपारचं जेवण वाढलं. पोटाच्या दुखण्यामुळं ते ताकाशिवाय काही पीत नसत. तरुणपणापासून. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि ते प्यायलेले होते हेही सगळ्यांना माहीत आहे, आणि या दोन गोष्टी अठ्ठेचाळीस वर्षं एकाच कॉफीच्या टेबलावर एकमेकींना न भेटता बसल्या आहेत.

म्हणून तळघर. रंगाऱ्याला काय रंगवायचं ते कचेरीनं लेखी दिलं असणार, आणि आपली कचेरी काही फेकत नाही, उंदीरसुद्धा नाही. जमिनीवर बसून, घोटा सुजत असताना, ते कार्ड मला सापडलं. जॅनेल केसांतून धूळ झटकत होती. "मिळालं का मावशी? मिळालं असेल तर वर चला, मला इथं मळमळतंय." मिळालं होतं. 'टाकीवरील मजकूर, खालीलप्रमाणे, अक्षरशः.' आणि खाली गावाचं नाव, मोठ्या सुबक अक्षरांत. पी, आणि लगेच ई.

एल नव्हता. अलॉइसकाकांनी काही गाळलं नाही. समोर होतं ते रंगवलं, अक्षरशः.

तारीख सत्तावीस जुलै. त्यातल्या साताच्या कमरेला आडवी रेघ. गावात तशी रेघ कोण मारतं ते मला शोधावं लागलं नाही. शाळेत आलेल्या त्या बेल्जियमच्या मुलीकडून तू ती उचललीस आणि आई म्हणायची, साताला पट्टा कशाला, त्याची पँट घसरते का? कोपऱ्यात 'डी. के.' अशी सहीही आहे. पण मी साताच्या वेळीच ओळखलं होतं.

तू असं का केलंस ते मी लिहिलेलं नाही. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहायचं, हा या विषयातला सगळ्यात अवघड धडा, आणि मला तो सगळ्यात आवडला. एल कसा सुटला, माहीत नाही. बाटलीचं का सांगितलंस, माहीत नाही; एकोणीस वर्षांचा होतास आणि घरी चषक होता, एवढं माहीत आहे. यावर तुझा राग आला का, तर आला. अर्धा दिवस. मग मी त्या दालचिनीच्या रोलवाल्या पहिल्या निबंधाचं पहिलं पान उघडलं. त्यात मी लिहिलं होतं, 'टंकलेखनात वोंड्रा झाला असल्यास क्षमस्व.' मिस इबारा परगावच्या. त्यांनी शब्दाभोवती हिरवं वर्तुळ काढून विचारलं होतं, हा काय शब्द आहे? या मोठ्या निबंधाचा विषय मला तिथून मिळाला, हे मी तुला आत्तापर्यंत सांगितलं नव्हतं. आणखी एक आहे. स्वयंपाकघरात ताट पडलं की आम्ही सगळ्या जणी एका सुरात ओरडायचो, "वोंड्रा!" वीस वर्षं. आणि दाराशी अलॉइसकाका पोचा घेऊन हजर व्हायचे. त्यांना वाटायचं की आपल्याला हाक मारली, की त्यांना तसं वाटतं असं ते आम्हाला दाखवायचे, मला माहीत नाही. तेही माहीत नाही असंच लिहिलं आहे. सातवं पान.

निबंध पुढच्या आठवड्यात शुक्रवारी द्यायचा आहे. खर्डा परत मिळाला. 'कोण म्हणतं?' एकदाही नाही. शेवटच्या पानावर हिरव्या शाईत एक ओळ: 'हे तुम्ही शोधून काढलंत.' पुढं प्रश्नचिन्ह नाही. मी तीनदा बघितलं. मर्लनं ते पान फ्रीजवर लावलं आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं, आणि ड्वेनला मुद्दाम. ड्वेन ते वाचून म्हणाला, "म्हणजे आता चुकीला काय म्हणायचं?" मर्ल म्हणाला, चूक म्हण. आपल्या घराण्यात कॉलेजचा निबंध लिहिणारी मी पहिली (तू विम्याचा अभ्यासक्रम केलास तो टपालानं), आणि संदर्भसूचीत नाव असलेला तू पहिला. सूचीत मात्र हर्था क्लेव्हन तुझ्या आधी येतात, कारण दोन्ही आडनावं के वरून, पण त्यांच्यात पुढं एल येतो आणि आपल्यात यू. एल फार महत्त्वाचा असतो, दादा.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी धाकटी बहीण,
आर्डिथ

ता. क. सोबत कॉलेजचा छापील कागद आहे. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते कळवलं आहे, अशी सही हवी असते. पिवळी चिठ्ठी लावली आहे तिथं कर. साताला रेघ मारलीस तरी चालेल.

आणखी ता. क. हे पत्र तपासून परत पाठवू नकोस. मिस इबारांनी तपासलेलं नाही, मीच दोनदा वाचलं आहे, आणि चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या आहेत.

शेवटचा ता. क. खरं म्हणजे पत्र याच्यासाठी लिहिलं, आणि वर सगळं लिहूनही हे लिहायचं धैर्य आत्ता झालं. निबंधाच्या दोन प्रती केल्या आहेत. एकीत 'डेलमर कुचेरा' आहे, दुसरीत 'त्या उन्हाळ्यातला कारकून'. मिस इबारा म्हणतात दोन्ही चालतील. मर्ल म्हणतो भावाचं नाव घालू नकोस. एरवी मी वाक्यामागून वाक्य 'कोण म्हणतं' विचारत फिरते, पण इथं मला तू सांगायला हवा आहेस. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारपर्यंत फोन कर. आणि मला करण्याआधी अलॉइसकाकांना कर. डाव्या कानानं ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल.

बुधवार, सकाळ. पत्र पेटीत टाकायला निघाले आणि वृद्धाश्रमाकडे वळले. कार्डाची छायाप्रत नेली होती. अलॉइसकाका खिडकीशी ताक पीत बसले होते. त्यांनी कार्ड वाचलं, बोट फिरवत. मी म्हटलं, काका, चूक तुमची नव्हती. ते म्हणाले, "माहीत आहे. मी फोन केला होता तेव्हा. म्हटलं, पोरा, एक अक्षर कमी वाटतंय. तो म्हणाला, वोंड्राकाका, जिल्ह्याचा चषक माझ्याकडे आहे." मी विचारलं, मग? "मग काय. मी आठवीत शाळा सोडली. चढलो वर." हे तुम्ही इतकी वर्षं कुणालाच का सांगितलं नाही? "कुणी विचारलं नाही." मी स्वयंपाकघराचं विचारलं. म्हणाले, ताट पडलं की लगेच कळायचं, सोयीचं होतं. हे खरं की माझ्यासाठी म्हणाले, माहीत नाही. तसंच लिहिलं आहे. निबंधात तुझं नाव घालू का विचारलं तर म्हणाले, "घाल. पण स्पेलिंग त्यालाच विचारून घाल." मग त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि छायाप्रतीवर पी आणि ई यांच्या मध्ये एक एल काढला. रेघ सरळ आली. म्हणाले, तपासलंय, परत पाठव त्याला. सोबत जोडली आहे.